पेजमेकरच्या फायलीतून ई-बुक काढताना

आमच्या प्रकाशकांचा हिशेब सरळ होता. पुस्तक १९९८ साली संगणकावरच जुळवलेलं, त्याची सीडी कपाटात आहे, मग ई-बुक करायला वेळ तो कसला? गिरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या कचेरीत मी बरीच वर्षं मुद्रितशोधन आणि निर्मितीचं काम बघते, म्हणून सीडीचं पाकीट माझ्या टेबलावर आलं. "ताई, पंधरवड्यात उरकून टाका," ते म्हणाले. पंधरवडा कुठला, मधे अख्खा पावसाळा गेला.

पुस्तक एका गिरणी कामगाराच्या आठवणींचं. लेखक साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा घरात चार पोरं आणि गावाकडे म्हातारी आई. नंतर गिरणी काही उघडली नाही आणि त्यांनी वह्या भरायला घेतल्या. आवृत्ती केव्हाच संपलेली. मागणी मात्र अधूनमधून यायची, कधी एखाद्या संशोधक विद्यार्थ्याची, कधी परळ-लालबाग सोडून विरार-बदलापूरला गेलेल्या कुणाची. हजार प्रती पुन्हा छापून गोदाम अडवण्याइतकी ती नव्हती, आणि पुस्तक मरू द्यावं इतकी कमीही नव्हती. ई-बुकाला याहून योग्य उमेदवार मिळणं कठीण.

फाइल उघडण्यापूर्वी मी कराराची प्रत मागितली. हे आधी करावं असं माझं ठाम मत आहे, कारण काम झाल्यावर हक्कांची भाषा बिघडते. लेखक हयात नव्हते. करारात 'सर्व हक्क' असं मोघम लिहिलेलं, ई-बुकाचं नावही नाही. असणार कुठून? ॲमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र किंडल बाजारात आलं २००७ साली. आणि २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात स्वच्छ लिहिलं गेलं की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर तो करार त्या माध्यमाला लावायचा नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे. प्रकाशक थोडे कुरकुरले, पण मी डोंबिवलीला लेखकांच्या थोरल्या कन्येकडे गेले. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, पैसे किती आणि बाबांची भाषा कुणी सुधारणार नाही ना? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं. पहिल्याचं नव्या करारात लिहून दिलं: हातात येणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा, मुदत पाच वर्षं, नंतर पुन्हा बोलू. बाकी तीन भावंडांच्या सह्या त्यांनीच गोळा केल्या.

आता सीडी. माझ्या संगणकाला सीडीची खाचच नाही, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी वाचली गेली, हेच नशीब. आत पेजमेकरच्या, म्हणजे पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली, प्रकरणागणिक एक. ॲडोबीने पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली काढली, नंतर तो संसार इनडिझाइनकडे गेला. माझ्याकडे फाइल उघडेना. शेवटी ज्यांनी पुस्तक जुळवलं होतं त्या लोअर परळच्या डीटीपीवाल्या काकांना गाठलं. त्यांची चाळ पाडून टॉवर झाला, तरी त्याच टॉवरच्या खालच्या गाळ्यात त्यांनी विंडोज एक्सपीचं एक यंत्र जिवंत ठेवलंय. त्याच्या मागे अजून फाँटचं डोंगल खोचलेलं. ते काढलं की मराठी दिसायची बंद. "ताई, हे मशीन गेलं की माझ्या तीस वर्षांच्या फायली गेल्या," काका चहा ओतता ओतता म्हणाले. शहरात अशी किती यंत्रं शेवटच्या घटका मोजत असतील, आणि त्यांच्या पोटात किती पुस्तकं!

काकांनी मजकूर बाहेर काढून दिला. तो माझ्या संगणकावर उघडला तर पडद्यावर युरोपातल्या कुठल्या भाषेतले टोपी घातलेले स्वर आणि पौंडाची चिन्हं.

यात काही बिघडलं नव्हतं. मुद्दा असा की १९९०च्या दशकात आपण संगणकावर मराठी लिहिलीच नाही, मराठीची चित्रं लिहिली. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशा ज्या प्रणालींवर महाराष्ट्रातला छापखाना चालला, त्यांच्या छपाईच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. अर्धा श एका जागी, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. कुठला तुकडा कुठल्या जागी हे प्रत्येकाचं वेगळं. गंमत म्हणजे १९९१ सालीच भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक आलं होतं आणि त्याच वर्षी जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेली जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही, देवनागरीसकट. पण कागदावर अक्षर सुबक उमटलं की छापखान्याचं काम झालं. आत काय साठवलंय हे कुणी कशाला बघेल? आणि त्यांना नावं तरी का ठेवावीत? त्या फाँटांमुळेच खिळे जुळवणाऱ्यांच्या मेहनतीतून मराठी पुस्तक सुटलं आणि स्वस्तात निघू लागलं.

फाँट बदलून देणारे परिवर्तक मिळतात, फुकटही आणि विकतही. आपल्या फाँटासाठी नेमका कुठला, हे शोधण्यात थोडे दिवस गेले. मग मजकूर युनिकोडमध्ये आला आणि मी आनंदाने पहिलं पान वाचायला घेतलं. 'त्या वषर्ी मुंबइर्त पाऊस लवकर आला.'

ज्यांनी जुन्या मराठी संकेतस्थळांवर बातम्या वाचल्यात त्यांना ही भाषा ओळखीची असेल. कारण अगदी यांत्रिक आहे. जुन्या फाँटात अक्षरं दिसतात त्या क्रमाने टंकायची. 'वर्षी'मधला रफार ष लिहून झाल्यावर, दीर्घ वेलांटीला चिकटलेला एकच तुकडा म्हणून येतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणजे र आधी आणि ष नंतर. परिवर्तकाने रफार उचलून मागे न्यायचा असतो. तो नेमका किती मागे न्यायचा, इथे तो गडबडतो. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं, ती अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि नंतर न्यावी लागते. 'ई'साठी स्वतंत्र जागा न ठेवता इ काढून वर रफार ठेवलेला, म्हणून मुंबईची 'मुंबइर्'. आणि पुस्तकात जिथे जिथे इंग्रजी शब्द इंग्रजीतच होता, गिरण्यांची नावं, कायद्यांची नावं, तो शब्द परिवर्तकाने मराठी समजून चावून टाकलेला.

एवढं सगळं डोळ्याला दिसतं तरी. शोधा आणि बदला करून, याद्या करून, एकेक जात निपटता येते. पुढे जे आलं ते माझ्या धंद्यातलं सगळं शिकलेलं उलटं करणारं होतं.

मुद्रितशोधकाचा सगळा भरवसा डोळ्यावर. पण 'ऑफिस' हा शब्द दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एकात ऑ हे एक अक्षर, दुसऱ्यात आ आणि त्यावर वेगळी ठेवलेली अर्धचंद्राची खूण. चांगल्या फाँटात दोन्ही डिट्टो सारखे दिसतात. 'अ'ला काना जोडून केलेला आ तसाच. 'दुसऱ्या'मधला तो आडवा र तर मराठीचा खास, तोही दोन मार्गांनी येतो: नुक्तावाल्या ऱचा पाय मोडून, किंवा साध्या रचा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. छापलं तर फरक शून्य. पण वाचकाने ई-बुकात 'दुसऱ्या' शोधलं की निम्मी ठिकाणं सापडतात, निम्मी नाहीत, आणि त्याला वाटतं पुस्तकात तेवढंच आहे. अशी चूक कितीही वेळा प्रूफ वाचलं तरी सापडणार नाही.

मला ती सापडली कानाने. माझे एक अंध मित्र आहेत, फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले. ते एनव्हीडीए नावाच्या मोफत पडदावाचकावर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मराठी ऐकतात. पहिलं प्रकरण त्यांना पाठवलं आणि समोर बसून ऐकलं. यंत्राचा आवाज रुक्ष, पण वाक्य बरोबर असलं की वाहतं, आणि आत काही वाकडं असलं की तिथेच ठेचकाळतं. "इथे थांब," ते म्हणायचे, "हा आ खोटा आहे." मी पडद्यावर बघायची तर शब्द छान गोमटा. त्यांच्याकडून एक यादीच झाली आणि मग त्या यादीप्रमाणे सगळ्या पुस्तकाची झाडणी केली.

त्यांनी जाता जाता सांगितलं की मराठीतली पीडीएफ पुस्तकं ते उघडायच्याच फंदात पडत नाहीत, कारण जुन्या फाँटाची असली तर नुसता कचरा ऐकू येतो, आणि स्कॅन असली तर काहीच नाही. अंधांसाठी पुस्तकांची वाचता येतील अशी रूपं करायला वाट मोकळी करणाऱ्या माराकेश कराराला २०१४ साली जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. पण त्याआधी मजकूर मजकूर असायला हवा ना!

दरम्यान आणखी एक भानगड लक्षात आली. मी सवयीने फाइल छापील पुस्तकाशी ताडून बघत होते, आणि दोन्ही जुळेनात. पुस्तकात 'त्रासन खातं' हे गिरणीतल्या एका खात्याचं नाव, फाइलमध्ये 'त्रासल'. पुस्तकात एक वाक्य जास्त. काकांना फोन केला तर ते हसले. "अहो, शेवटची करेक्शनं फायलीत कुठे करायचो? ट्रेसिंगवर!" मग मलाही आठवलं. प्लेटला जायच्या आदल्या रात्री चूक सापडली की सगळं पान पुन्हा काढायचा खर्च कोण करणार? एक ओळ वेगळी काढायची, ब्लेडने कापायची आणि ज्या ट्रेसिंग कागदावरून प्लेट निघायची त्यावर चिकटवायची. त्यामुळे लेखकाचा शेवटचा हात ज्यावर फिरला ते पुस्तक कागदावरच आहे. फाइल म्हणजे त्याच्या आधीचा खर्डा. तेव्हा सगळं पुस्तक ओळीला ओळ लावून वाचणं आलं. एक मुलगी मोठ्याने वाचणार, मी पडद्यावर बघणार, जुन्या पद्धतीने. शब्दशुद्धीचं सॉफ्टवेअर मी मुद्दाम बंद ठेवलं. ते 'त्रासन'चं काय करील याचा नेम नव्हता, आणि डोंबिवलीच्या बाईंना शब्द दिलेला होता.

एका फाइलमधली दोन पानं गेलेलीच होती, त्यांच्यासाठी छापील पानं स्कॅन करून अक्षरं यंत्राकडून ओळखून घेतली. गूगल ड्राइव्हवर पान चढवलं की मराठी बऱ्यापैकी येते. फक्त ध आणि घ, भ आणि म, थ आणि य या जोड्यांवर डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. 'धर' आणि 'घर' दोन्ही खरे शब्द, म्हणून ते जास्त घातक.

मजकूर शुद्ध झाल्यावर ई-बुक बांधणं हे खरंच सोपं निघालं. ईपब हा ई-बुकाच्या फाइलचा प्रकार, त्याचा फार बाऊ केला जातो. फाइलच्या शेवटचं ईपब खोडून झिप लिहा आणि उघडा, आत वेबपानं, एक सजावटीची फाइल, चित्रं आणि अनुक्रमणिका. हे प्रमाणक २००७ साली आलं, २०११ला त्याचं तिसरं रूप, आणि आता ते डब्ल्यू३सी या वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेकडे आहे. मी सिजिल या मोफत साधनात काम केलं आणि ईपबचेककडून तपासून घेतलं. पहिल्या फेरीत त्याने चुकांची लांबलचक यादी तोंडावर फेकली, बहुतेक एकाच कारणाच्या.

दोन गोष्टी मात्र मराठीवाल्यांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली, भाषेची नोंद. फाइलमध्ये भाषा मराठी आहे असं लिहिलं नाही तर अनेक फाँट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात या दोन्ही अक्षरांची मराठी रूपं ठरवून दिली आहेत. ती बहुतेक चांगल्या फाँटांत असतातही, पण भाषा सांगितल्यावरच बाहेर येतात. दुसरी, फाँटाचा परवाना. छपाईसाठी विकत घेतलेला फाँट ई-बुकात घालून वाटता येईलच असं नाही. मी मुंबईच्याच 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला 'मुक्ता' हा फाँट घेतला, तो खुल्या परवान्याचा आहे. वाचक आपल्या यंत्रावर हवा तो फाँट निवडतो हे खरं, पण आपल्याकडून सोय असावी.

पानांचे आकडे हा माझ्या आणि प्रकाशकांच्या वादाचा विषय झाला. ई-बुकात पान ठरलेलं नसतं, अक्षर मोठं केलं की मजकूर वाहून पुढे जातो. त्यांचं म्हणणं, मग आकडे काढून टाका. माझं म्हणणं, हे पुस्तक प्रबंधांत उद्धृत झालंय, त्या संदर्भांचं काय करणार? ईपबच्या तिसऱ्या रूपात छापील पानांच्या खुणा आत ठेवता येतात. मी ठेवल्या. वेळ गेला, पण सूचीही त्यामुळे जिवंत राहिली. पुस्तकातल्या ओव्यांच्या ओळी छोट्या पडद्यावर मोडणार, ते मी मान्य केलं. फक्त मोडलेली ओळ आत सरकून सुरू होईल एवढी सोय केली.

कागदपत्रांचं फार सांगण्यासारखं नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. छापील पुस्तकाचा आकडा ई-बुकाला चालत नाही, नवा लागतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकावर होता १८ टक्के, तो २०१८ साली ५वर आणला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे त्याच ई-बुकासाठी. म्हणजे आमच्या पुस्तकाला जुन्या छपाईने सवलत मिळवून दिली. प्रकाशकांनी सवयीने विचारलं, मुंबईच्या टाउन हॉलला प्रत पाठवायची का? १९५४च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तिथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला जाते. ई-बुकाची मात्र कायद्याने जायची जागाच नाही. मी फाइल तीन ठिकाणी ठेवली आणि एक प्रत बाईंना दिली.

किंडलवर मराठी रीतसर आली ती २०१६च्या अखेरीस. तिथे भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट योजनेत घालावं लागतं आणि नव्वद दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. नाहीतर ३५ टक्के. आम्ही ३५ पत्करले, कारण आमचा निम्मा वाचक मराठी दुकानांतून घेणारा आहे. आणखी एका दुकानाने वेगळाच पेच टाकला. हे पुस्तक आंतरजालावर फुकट उपलब्ध दिसतं, तेव्हा हक्क तुमचेच असल्याचा पुरावा द्या! बघितलं तर कुणीतरी ग्रंथालयाची प्रत, शिक्क्यासकट, स्कॅन करून टाकलेली आणि ती टेलिग्रामवर फिरत असलेली. म्हणजे चोरी त्याची, खुलासा आमचा. बाईंकडून घेतलेला नवा करार इथे कामाला आला. प्रकाशक चिडले आणि ई-बुकाची नक्कल होऊ नये म्हणून त्याला कुलूप घालायचं म्हणू लागले. पण ज्याला स्कॅन फुकट मिळतोय त्याला कुलपाने काय फरक पडणार? उलट पैसे देणाऱ्याला त्रास, आणि पडदावाचकावर ऐकणाऱ्याचीही अडचण व्हायची. कुलूप टळलं.

किमतीवर मात्र मी हरले. मी छापीलच्या निम्मी सुचवली होती, प्रकाशकांनी त्याहून बरीच खाली आणली. "छापलं तर काहीच नाही ना आपण," हे त्यांचं वाक्य. छपाईचा आणि कागदाचा खर्च वाचला, पण प्रूफं वाचणारी माणसं जेवतात, हे त्यांना पटवून देणं बाकी आहे.

विक्री? हळूहळू चालू आहे. परदेशातून थोडी, नगर-नांदेडकडून अनपेक्षित. एका वाचकाने राहिलेली चूक कळवली आणि मी त्याच संध्याकाळी दुरुस्त करून फाइल बदलली. दुसऱ्या दिवशी विचार आला की आता ही कुठली आवृत्ती म्हणायची? छापखान्यात चूक चार वर्षं तशीच राहायची, पण सगळ्यांकडे तीच असायची. तेव्हापासून श्रेयपानावर दुरुस्तीची तारीख घालते आणि काय बदललं ते एका ओळीत लिहिते.

खरी कमाई झाली ती भलतीकडेच. शुद्ध युनिकोड मजकूर हाती होता, तो काकांच्या मुलाने इनडिझाइनमध्ये घेतला, भारतीय लिप्यांचा कंपोझर लावला आणि पानं पाडून दिली. मागणीप्रमाणे थोड्या प्रती छापून देणाऱ्याकडे आम्ही पन्नास टाकल्या. त्या ई-बुकापेक्षा लवकर संपल्या, आणखी पन्नास सांगितल्या आहेत. प्रकाशकांनी पुढची सीडी काढून ठेवली आहे, पाककृतींचं पुस्तक, सगळी मापं कोष्टकांत आणि पाव-अर्धा-पाऊणचे अपूर्णांक कुठल्या फाँटाचे ते काकांनाही आठवत नाही.